हिरवी कड

दैनिक 'सीनाकाठ'चा अंक सकाळी करंजपुरात पोचायचा, आणि घरोघरी पहिल्या चहाला उकळी येईपर्यंत त्याचा उजवा कान गेलेला असायचा. कान म्हणजे पहिल्या पानावर पेपराच्या नावाशेजारी कोपऱ्यात जी चौकट असते ती. एके काळी तिथे सराफाची जाहिरात असे, नाहीतर हवामान. आता तिथे बोराएवढा पांढरा ठिपका असे. अंक हातात आला की लोक तो कोपरा टर्रकन फाडत, ठिपका जिभेला टेकवत आणि कोपरा खिडकीत ठेवून चहा घ्यायला बसत. उरलेला पेपर, म्हणजे आम्ही मूठभर माणसांनी दिवसभर मरमर करून काढलेला पेपर, तिथेच फरशीवर पडलेला असे. त्यावर मांजर बसे.

मी हर्षदा टकले, तिथली उपसंपादक. पण ही गोष्ट आमचे संपादक राजरत्न रणखांबे यांची आहे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, पण चुकीचं नाव छापलं की ते ज्या नजरेने बघायचे ती नजर मास्तरांचीच होती.

मी शाळेत असताना एक मोठी साथ येऊन गेली होती. तिच्यात वर्तमानपत्रांनी मार खाल्ला, पण बरीचशी तगली. ही दुसरी साथ आली तेव्हा अंगात मार खायला मांसच उरलं नव्हतं. जिल्ह्याच्या पेपराचं पोट कशावर भरतं, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. बातम्यांवर तर मुळीच नाही. ते भरतं नगरसेवकाच्या वाढदिवसावर, शिकवणीच्या निकालावर, साड्यांच्या सेलवर, 'भव्य शुभारंभा'वर आणि 'दुःखद निधना'वर. साथ आली आणि वाढदिवस थांबले, निकाल थांबले, दुकानांची शटरं खाली आली. निधनाच्या जाहिराती मात्र पहिल्या महिन्यात इतक्या आल्या की आम्हाला जादा पानं काढावी लागली. आमचे जाहिरात व्यवस्थापक मान खाली घालून म्हणाले, "हा महिना निघेल." पुढच्या महिन्यात त्याही आटल्या. दशक्रियेला येणारच कुणी नाही, तर ठिकाण आणि वेळ छापायची कुणासाठी?

त्यात लोक कागदाला भ्यायले. कागदावरून साथ येत नाही हे आम्ही रोज छापत होतो, पण कागदावरच छापत होतो. सोसायट्यांनी विक्रेत्यांना फाटकाबाहेर रोखलं. पगार अर्धे झाले, मग त्याच्या अर्धे. तालुक्यांचे वार्ताहर एकेक करून गळाले. मोबाइलवर बातम्यांचा पूर होता, पण तोवर कुणाचाही चेहरा आणि कुणाचाही आवाज घरबसल्या बनवता येत होता, त्यामुळे लोक तिथे सगळं बघायचे आणि कशावरच विश्वास ठेवायचे नाहीत. आमच्यावर विश्वास होता. फक्त आम्हाला विकत घ्यायला कुणी तयार नव्हतं.

मालक अभयशेठ कटारिया वाईट माणूस नव्हता. त्याच्या वडिलांनी डाळमिलच्या नफ्यातून पेपर काढला होता आणि मुलाने तो डाळमिलच्या नफ्यावरच जगवला होता. साथीत मिलही बंद पडली. पाडव्याचा अंक शेवटचा, असं त्याने सरांना सांगून टाकलं होतं.

पाडव्याच्या आधी डॉ. शहनाज पटवेकर पुण्याहून आल्या. फार वर्षांपूर्वी सरांनी त्यांच्या प्रयोगशाळेवर एक बातमी केली होती आणि तिच्यात एकही चूक नव्हती. तेवढ्यावर बाईंनी सरांना लक्षात ठेवलं होतं. त्यांनी टेबलावर कागदाचे तुकडे मांडले. प्रत्येकाच्या मधोमध पांढरा ठिपका.

"पेशीच्या पोटात एक कारखाना असतो," त्या म्हणाल्या. "आरएनएच्या धाग्यावर लिहिलेली सूचना वाचायची आणि तसा माल बनवायचा, एवढंच त्याचं काम. हा कारखाना पेशीतून बाहेर काढता येतो, वाळवता येतो आणि शाईसारखा कागदावर छापताही येतो. कोरडा असेतो तो झोपलेला. ओल लागली की जागा होतो."

"आणि बनवतो काय?" सरांनी विचारलं.

"जांभळा रंग. पण आम्ही त्याच्या सूचनेच्या धाग्याला गाठ मारून ठेवलीये. ती गाठ एकाच गोष्टीने सुटते, ती म्हणजे ह्या साथीच्या विषाणूच्या आरएनएचा एक ठरावीक तुकडा. थुंकीत विषाणू असला तर गाठ सुटते आणि ठिपका जांभळा होतो. नसला तर गाठ तशीच, ठिपका पांढरा."

"आणि ठिपकाच मेलेला असला तर? तोही पांढराच दिसणार."

बाई हसल्या. "म्हणूनच मी तुमच्याकडे आले. हे विचारणारी माणसं कमी असतात. ठिपक्याभोवती ही बारीक कड आहे बघा. हिच्यातल्या धाग्याला गाठच नाही. ओल लागली की ती हिरवी होतेच. हिरवी कड म्हणजे ठिपका जिवंत आहे. हिरवी कड आणि आत पांढरं, म्हणजे माणूस निरोगी."

"पण हे पेपरातच कशाला?"

"रोज सकाळी न चुकता प्रत्येक दारात पोचणारी दुसरी वस्तू सांगा. दूध. दुधाच्या पिशवीवर मला हे छापता येत नाही."

सरकारी समितीने ठिपक्याला प्राथमिक तपासणी म्हणून मान्यता दिली. पुण्याच्या कारखान्यातून कागदाची रिळं ठिपके छापूनच येऊ लागली, आम्ही त्यांवर फक्त बातम्या छापायच्या. खर्च एका विमा कंपनीने उचलला. गाव निरोगी राहिलं तर तिचे दावे वाचणार होते, त्यामुळे ती परोपकारासाठी अगदी उतावीळ झाली होती. पाडव्याचा अंक शेवटचा ठरला नाही.

पुढची दोन वर्षं आम्ही तुडुंब जेवलो. घरात माणसं सहा, तर अंक सहा. ज्या सोसायट्यांनी विक्रेत्याला फाटकात अडवलं होतं, त्या आता त्याला लिफ्टने वर बोलवू लागल्या. शाळेच्या दारात, बँकेच्या दारात, लग्नाच्या मांडवात लोक कोपरा दाखवून आत जात. "चाटलास का?" हा करंजपुरात राम राम झाला. शेजारच्या जिल्ह्यांतल्या पेपरांनीही ठिपका घेतला, ज्यांना जमलं नाही ते मिटले. आमचे पगार वेळेवर होऊ लागले आणि माझं लांबलेलं लग्न ठरलं. खोटं कशाला बोलू, त्या ठिपक्याला मी मनातून हात जोडत होते.

मरण कमी झालं हेही खरं. जांभळा आला की माणूस घरात बसायचा. किती जण वाचले असतील कोण जाणे.

पण आमच्या लक्षात एक गोष्ट येऊ लागली होती. गठ्ठ्यांचे विक्रेते आता घरी बसून कात्रीने कान कापायचे आणि नुसते कानच वाटायचे. बाकीचा पेपर स्टँडमागे रद्दीवाल्याच्या टेम्पोत. एकाने तर अभयशेठला विचारलं, "बाकीचं कशाला पाठवता शेठ, उगं वझं?" अभयशेठने ते हसत हसत आम्हाला सांगितलं. सर हसले नाहीत.

मग एकदा यंत्रावर गफलत झाली आणि मंगळवारची आतली सगळी पानं बुधवारी जशीच्या तशी पुन्हा छापली गेली. पूर्वी निधनाच्या जाहिरातीत दोन फोटोंची अदलाबदल झाली तर दारात माणसं काठ्या घेऊन यायची. त्या बुधवारी आम्ही फोनपाशी बसून राहिलो. एकसुद्धा फोन आला नाही.

"लोकांनी वाचलं नाही, सर," मी म्हणाले.

"वाचलंय. समजून घेतलं लोकांनी. चूक होते माणसाची," सर म्हणाले.

हा माणूस पोलिसांचं ऐकून घेत नसे, पुढाऱ्यांचं ऐकून घेत नसे, स्वतःच्या वार्ताहराने आणलेलीही बातमी तीन ठिकाणी फोन करून ताडून बघे. एका गोष्टीचा मात्र पुरावा त्याने जन्मात मागितला नाही. छापलं की लोकांना कळलं, हे तो धरूनच चालायचा. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनाच ही बाधा असते. सरांना ती जरा जास्तच होती.

सरांची बहीण कौसल्या, गावाची अक्का. सर लहान असताना आई गेली, घरात वडील आप्पा आणि ही, तेव्हा हिनेच त्यांना वाढवलं. स्टँडजवळ तिची खानावळ होती, आयटीआयची आणि नर्सिंगची पोरं तिथे जेवायची. स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, पण पूर्वी 'सीनाकाठ' बोट ठेवून ठेवून पहिल्या ओळीपासून मुद्रकाच्या नावापर्यंत वाचायची आणि भावाला फोन करून सांगायची, "राजा, त्या पाटलाच्या पोराचं नाव चुकलंय बघ." ठिपका आल्यापासून ती गठ्ठाच घ्यायची. सकाळी पोरं रांगेत उभी राहायची, अक्का एकेकाच्या हातात कान द्यायची, कड हिरवी झाली की ताट. "माझ्या भावाचा पेपर हाय," असं ती प्रत्येक नव्या पोराला सांगायची. कान कापलेले पेपर टेबलांवर अंथरायची, ताटाखाली. वाचायला तिला आता वेळ नव्हता. गिऱ्हाईक वाढलं होतं, आणि वाढलं होतं ते आमच्या पेपरामुळेच.

मार्च संपत आला होता. एका दुपारी डॉ. पटवेकरांचा फोन आला. सरांनी तो मला ऐकू येईल असा ठेवला, कारण टिपण मी घ्यायचे.

"रणखांबे, ठिपका आंधळा झालाय."

सरांनी मला वही उघडायची खूण केली.

"विषाणू बदललाय," बाई म्हणाल्या. "ज्या तुकड्याने आमची गाठ सुटायची त्यातली मोजकी अक्षरं बदलली, पण नेमकी तीच. आता गाठ सुटत नाही. माणूस तापाने फणफणलेला असला तरी ठिपका पांढरा."

"आणि कड?"

"कड हिरवी होणारच. तिला विषाणूशी काही देणंघेणं नाही. हेच वाईट आहे. ठिपका बंद पडला असता तर लोकांना कळलं असतं. तो बंद नाही पडलेला. तो रोज सकाळी उठून खोटं सांगतोय."

"आमच्याकडे पोचलाय हा नवा?"

"तुमच्या जिल्ह्यातून आलेल्या नमुन्यांत निम्म्याहून जास्त तोच आहे. आणि हा जुन्यापेक्षा जड आहे. म्हाताऱ्या माणसांना तर फारच."

"सरकारी समिती काय म्हणते?"

"मी सगळं पाठवलंय. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. नवी गाठ बांधून नवी रिळं यायला दोन महिने तरी जातील." मग बाईंचा आवाज खाली आला. "तुम्ही छापा. माझ्या नावाने छापा. माझंच आहे ते."

सर लगेच अभयशेठच्या खोलीत गेले आणि मला सोबत घेऊन गेले. त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "उद्याच्या अंकात ठिपक्यावर काळा चौकोन मारायचा. पूर्ण झाकायचा. आणि खाली बातमी."

अभयशेठने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साधा कागद नाही आपल्याकडे?"

"नाही. दीड वर्ष झालं, मागवलाच नाही आपण."

"आणि करारात काय आहे? ठिपक्यावर शाईचा थेंब पडला तर त्या दिवसापासून पैसे बंद. रणखांबे साहेब, त्या पैशांशिवाय मी एक महिना काढू शकत नाही. मिल गेली माझी, तुम्हाला माहितीये." आवाज चढवला नव्हता त्याने. "पण ते सोडा. पेपर बंद पडू दे, मी म्हणतो. ठिपका काळा केलात तर उद्याचा अंक उचलणार कोण? विक्रेते गठ्ठ्याला हात लावणार नाहीत. गठ्ठे इथेच पडतील, आणि तुमची बातमी त्या गठ्ठ्यात. ठिपका आहे म्हणून अंक घरात जातो. तोच तुमची बातमी घेऊन जाईल."

सरांनी टेबलावरचा आजचा अंक उचलला. मला वाटलं, आता हे नाही म्हणणार.

"आठ कॉलम," सर म्हणाले. "पूर्ण पहिलं पान. दुसरी बातमी नाही, जाहिरात नाही."

"दिलं."

"मथळा मी देणार. त्यात 'शक्यता', 'सूत्रांच्या मते' असलं काही नाही."

"तुमचं पान आहे. फक्त एक. अंक बाहेर पडेपर्यंत ह्या खोलीबाहेर शब्द जाता कामा नये. विमावाल्यांना आज कळलं तर बदनामी नको म्हणून ते छपाईच थांबवतील, त्यांचे वकील पुण्यात बसलेत."

सरांनी शब्द दिला. मीही मान हलवली, पण बाहेर येताच न राहवून बोलले, "सर, लोक कान फाडून घेतात आणि बाकीचं टाकून देतात. त्यांना हे कळणारच नाही. एकाच पानावर वर आपण 'तू निरोगी आहेस' म्हणतोय आणि खाली 'विश्वास ठेवू नकोस' म्हणतोय."

"हर्षदा, एवढ्या मोठ्या टायपात छापल्यावर आंधळ्यालाही दिसेल."

"अंकच काढू नका ना एक दिवस. अंक आला नाही तर सगळं गाव विचारत येईल, का आला नाही म्हणून."

ते थबकले. हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. अंक न काढणं! पूर आला तेव्हा, दंगल झाली तेव्हा, बायकोला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाही ह्या माणसाने अंक काढला होता. "बातमी हातात असताना अंक काढायचा नाही?" ते म्हणाले. "मग आपण कशाला आहोत?" मला त्यांचा इतका राग आला की मी तडक जागेवर जाऊन बसले. मग गुपचूप आईला फोन केला आणि ठिपका चाटू नकोस, घराबाहेर पडू नकोस, असं बजावलं. दिलेल्या शब्दाची मी एवढी पक्की नाही.

संध्याकाळी सर पहिलं पान लावत होते तेव्हा अक्काचा फोन आला. हात शाईचे नसले तरी ते नेहमी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवूनच बोलायचे.

"राजा, उद्या सकाळी यं. नर्सिंगच्या पोरींची परीक्षा संपली, गोडाचं करतीय. येताना त्या हर्षदालाबी आण, वाळलीय पोरगी."

"येतो अक्का."

"आवाज का असा? काय झालंय का?"

मी त्यांच्याकडे बघत होते. सांगा, मी मनात म्हणत होते, सांगून टाका. त्यांनी फोन उचलून हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. आयुष्यभर घरातल्या कुणी 'काय नवीन' विचारलं की हा माणूस एकच उत्तर द्यायचा, आणि तो ह्यांचा मोठा अभिमान होता. शब्द दिला नसता तरी त्यांनी वेगळं काही सांगितलं असतं का, मला शंका आहे.

"उद्याचा पेपर वाच, अक्का," ते म्हणाले. "पहिलं पान. पहिल्यासारखं नीट बोट ठेवून वाच."

"बरं बाबा, वाचीन," ती हसली. "यं मात्र."

मथळा होता: 'ठिपक्यावर विश्वास ठेवू नका'. त्याखाली 'कड हिरवी आली तरी साथ असू शकते'. त्याखाली डॉ. पटवेकरांचं पूर्ण निवेदन, काय करायचं, काय टाळायचं, सगळं सोप्या भाषेत. खरं सांगते, इतकं स्वच्छ पहिलं पान मी दुसरं पाहिलेलं नाही. उजव्या कोपऱ्यात ठिपका होता.

सकाळी सरांच्या स्कूटरवर मागे बसून मी निघाले. आम्ही दोघांनी तोंडाला दुहेरी मास्क बांधले होते, रस्त्यात दुसऱ्या कुणाच्या तोंडावर नव्हता. अंक सगळीकडे होता. कोपऱ्याकोपऱ्यावर, पायऱ्यांवर, रिक्षाच्या टपावर. कान फाडलेला. चौकात शाळेच्या बसला रांग लागली होती आणि बाई प्रत्येक मुलाच्या हातातला कोपरा तपासून त्याला वर चढवत होत्या. सरांनी स्कूटर थांबवली आणि ओरडून सांगितलं, "पेपर वाचा! पहिलं पान वाचा!" बाईंनी हसून हात केला. संपादक साहेब प्रचाराला निघालेत, असं त्यांना वाटलं असावं.

स्टँडमागे रद्दीचा टेम्पो भरत होता. आमचा मथळा एकावर एक रचलेला होता, वाचता येईल असा, वरच्या बाजूला.

खानावळीत पोरं-पोरी खेटून बसल्या होत्या. प्रत्येकाच्या ताटाखाली पहिलं पान. 'ठिपक्यावर वि' एवढं एका ताटाखालून बाहेर दिसत होतं, त्यावर रस्सा सांडला होता. कोपऱ्यातला एक पोरगा खोकत होता आणि शेजारचा त्याच्या पाठीवर चापट्या मारत जेवत होता.

"उठा," सर म्हणाले. "सगळे उठा. बाहेर मोकळ्यात चला."

पोरं बघत राहिली. सरांनी एकाच्या ताटाखालून पान ओढून काढलं आणि मथळा मोठ्याने वाचला. मग खालची ओळ वाचली. 

खोकणाऱ्या पोराने खिशातून कान काढला. कड हिरवीगार. त्याने तो सरांच्या हातातल्या पानाला जिथे कापलं होतं तिथे लावून बघितला. तंतोतंत बसला.

"सर, हे बी तुमच्याच पेपरात आलंय आन् ते बी तुमच्याच पेपरात," तो म्हणाला. कुचेष्टा नव्हती त्यात. खरंच विचारत होता तो. "खरं कंचं धरायचं?"

सरांनी पान आणि कान दोन्ही हातात घेतले. मी काहीतरी बोलायला गेले.  तेवढ्यात आतून अक्का आली, हातात भरलेलं ताट, शेवयांची खीर वर. चैत्राच्या उकाड्यात तिने खांद्यावरून शाल घेतली होती.

"काय रं गलका? आन् आल्या आल्या पोरांवर का वरडतोस?"

"अक्का, पेपर वाचला नाहीस?"

"आरं, आता कवा वाचू? पहाटंपासनं चुलीपुढं हाय. दुपारी वाचते की निवांत." तिने ताट ठेवलं आणि त्यांचा हात धरला. सरांनी तिचा हात उलटा करून मनगट चाचपलं. मी शेजारीच होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं.

"तापलीयस तू."

"तव्याम्होरं उभी हाय तर तापणारच की. सकाळी चाटलंय मी, हिरवं आलं. थांब, तुला वाटतंय तर फिरून बघू." तिने गठ्ठ्यावरून एक कान काढला, जिभेला लावला आणि आमच्यापुढे धरून उभी राहिली. पोरं जेवायची थांबली होती. आम्ही सगळे त्या बोराएवढ्या ठिपक्याकडे बघत होतो. हळूहळू कडेला हिरवं चढत गेलं. आत पांढरं ते पांढरंच राहिलं.

"बघ," ती म्हणाली. लहान पोराला समजवावं तशी. "भितोस काय? मी बरी हाय म्हणून तुझ्या पेपरात आलंय की."

आणि तिने खिरीचा चमचा भरला आणि त्यांच्या तोंडाशी नेला. लहानपणापासून ती पहिला घास अशीच भरवायची. सर दोन पावलं मागे सरले.

अक्काचा हात तसाच राहिला. मग तिने चमचा ताटात ठेवला. "आपल्या आप्पाला जातीपायी लोक लांबनं वाढायचे," ती हळूच म्हणाली. "म्हणून मी ही खानावळ काढली. हितं समदे खेटून बसत्यात. आता तुला लांबनं वाढू व्हय, राजा?"

 सरांच्या मास्कच्या वरच्या कडेवर डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात वर नेला नाही.

"व्हय, अक्का," ते म्हणाले. "लांबनं वाढ."